सव्वातीन मोठं की तीन पॉइंट चार?

सहामाहीचे निकाल लागले की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. "मॅडम, क्लास लावलाय, अबॅकस झालं, रोज तासभर घेऊन बसते. पण गणितात हा खरंच पुढे जातोय का, हे मला कळायचं कसं?" इंदूरमध्ये सहावी-सातवीपासूनच फाउंडेशन वर्गांची चौकशी सुरू होते, त्यामुळे ही काळजीही लवकर सुरू होते. बावीस वर्षं मी ती ऐकते आहे. अलीकडे कुणी विचारलं की मला एक मुलगी आठवते. तिला इथे रेवा म्हणू.

लोकमान्य नगरातलं घर. आईने येताना जाडजूड फाइल आणली होती. तिसरीपासूनच्या सगळ्या उत्तरपत्रिका तारखेप्रमाणे लावलेल्या. पाचवीच्या वार्षिकला ९४, सहावीच्या सहामाहीला ५८. बाबा म्हणाले, "घसरली. आता दुसरा क्लास बघतोय." रेवा खाली मान घालून ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

फाइल मी बाजूला ठेवली. गुण मी नेहमी शेवटी बघते. कागदावर दोन संख्या लिहिल्या, ३.२५ आणि ३.४, आणि विचारलं, "यातली मोठी कुठली?"

"थ्री पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह."

"कशावरून?"

"पंचवीस चारपेक्षा मोठे आहेत ना!"

बाबा एकदम म्हणाले, "अहो, हे पाचवीतच झालंय. तेव्हा येत होतं तिला."

मग मी फाइल उघडली. पाचवीच्या पेपरात हाच प्रकार होता, तिला पूर्ण गुणही होते. पण तिथल्या प्रत्येक जोडीत दशांश चिन्हापुढे दोन-दोनच अंक होते: ४.३५ आणि ४.६२, तसलं. तिची चुकीची रीत तिथे बरोबर उत्तर देत होती. म्हणजे मुलगी घसरली नव्हती. जी गैरसमजूत ९४ गुणांखाली दडली होती, ती ५८ गुणांत उघडी पडली होती. आईबाबांना हे पचायला दोन भेटी लागल्या.

तिसऱ्या भेटीला आजोबा आले. तुकोजीराव क्लॉथ मार्केटात त्यांनी उभं आयुष्य कापड मोजलं. मी मुद्दाम सांगितलं होतं, म्हणून दुकानातली लोखंडी मीटरपट्टी सोबत घेऊन आले. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्ध्या, दीडपटीचे पाढे त्यांना अजून तोंडपाठ.

"अगं, तू ज्याला ट्वेंटी-फाइव्ह म्हणतेस ना, ते सव्वातीन मीटर कापड," ते म्हणाले. "साडेतीन कसं लिहिशील?"

"३.५."

"मग तुझं ३.४ साडेतीनच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. पण थोडंसंच."

"आणि सव्वातीन?"

तीन मीटर सोडून दिले आणि उरलेला भाग तिने पट्टीवर बोटाने शोधला. एक बोट पंचवीस सेंटिमीटरवर, दुसरं चाळीसवर. बराच वेळ ती दोन्ही बोटं तशीच धरून बसली. आई मदतीला पुढे सरकली, तिला मी हातानेच थांबवलं. शेवटी रेवा म्हणाली, "३.४ मोठं आहे. क्लासमध्ये सांगितलं होतं, चारच्या पुढे शून्य लावायचं."

नियम बरोबर आहे, त्यावर गुणही मिळतात. बहुतेक घरी "शाब्बास" इथेच म्हटलं जातं. मी गप्प राहिले. आणि मग ती स्वतःच स्वतःला खोडत म्हणाली, "नाही, पण शून्य लावल्यामुळे ते मोठं होत नाही. ते आधीपासूनच मोठं आहे. हे चार म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे. ते पंचवीस एकेक सेंटिमीटरचे आहेत. तुकडेच बारीक आहेत!"

या दोन वाक्यांमधलं अंतर मला आजही रोमांचित करतं. पहिलं वाक्य क्लासचं होतं, दुसरं तिचं. पालक ज्या प्रगतीबद्दल विचारतात ती या दोन वाक्यांच्या मध्ये घडते, आणि कुठल्याही गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकाना नसतो. आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी उमगली. "पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह" असं वाचलं की कानाला पंचवीसच ऐकू येतात. आजोबांच्या "सव्वा"मध्ये तो पाव आधीच बसलेला आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसमोर घरात सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द बोलले जावेत, असा माझा तेव्हापासून आग्रह आहे.

पंधरा दिवसांनी मी न सांगता विषय बदलला. "१/६ मोठा की १/८?" क्षणभर थांबून ती म्हणाली, "१/६. आठ केले तर तुकडे बारीक होणार." पट्टी समोर नव्हती. एका जागी समजलेलं तिने दुसऱ्या जागी आपणहून नेलं होतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं, की उत्तर बरोबर असतानाही "कसं काढलंस?" विचारा, आणि त्याच आवाजात विचारा. चुकल्यावरच विचारलंत, तर मूल तुमच्या प्रश्नावरूनच ओळखतं की चुकलं आणि घाईघाईने उत्तर बदलतं. गणित उलटं करा: "उत्तर २४ येईल अशी शाब्दिक गोष्ट तयार कर." ४९ गुणिले २१ मांडण्याआधी अंदाज विचारा. हजाराच्या आसपास म्हणाली तर संख्या तिच्या ओळखीच्या आहेत. पाढे कितीही घडाघडा येत असले, तरी तेवढ्यावरून हे कळत नाही.

मी रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीच्या विचाराची आहे, त्यामुळे मूल एकटं काय करतं याइतकंच थोड्या आधाराने काय करतं याकडे माझं लक्ष असतं. आईला मी एक वही करायला लावली. गणिताच्या प्रत्येक प्रकारापुढे फक्त इतकंच लिहायचं: किती वेळा सुचवावं लागलं. तीन आठवड्यांनी, आधी न सांगता, तशाच धर्तीचं गणित. चारदा सुचवावं लागत होतं तिथे एकदा लागलं, तर मूल पुढे गेलं आहे, मग चाचणीत काहीही मिळो. रोज मात्र मोजू नका. उंची कुणी रोज मोजत नाही.

देशपातळीवरही असं मोजता येतं. 'असर' हे सर्वेक्षण २००५पासून गावोगावी घरी जाऊन एकेका मुलासमोर बसतं. अंक ओळखता येतात का, हातच्याची दोन अंकी वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं का, गणितात एवढंच बघतं. मूल कुठल्या पायरीवर उभं आहे ते कळतं. शेजारच्या मुलाशी तुलना करून ते कळत नाही.

दुसरा क्लास लागला नाही. एप्रिलमध्ये आईचा फोन आला. वार्षिकला ७१ मिळाले, हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं. आधी सांगितलं ते असं: पेपर हातात पडल्यावर रेवाने त्यात आपणच पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाली, "आई, या तीन घाईच्या चुका आहेत. ही एक मात्र मला अजून कळलेलीच नाही. आजोबांना विचारू?"