सीए नसताना रिटर्नचं काम सुरू करू का?

चवथ आटोपल्यावर गोव्यातल्या डिचोलीकडची एक तिशीतली मुलगी सल्ला मागायला माझ्याकडे आली. बी.कॉम. झालेली, म्हापशाच्या एका सीए ऑफिसात सात-आठ वर्षं काढलेली. पदरी लहान मूल, रोजची बस झेपेना. गावातच लोकांची प्राप्तिकराची रिटर्न भरून द्यायची असं तिच्या कधीपासून मनात होतं, पण पाऊल पडत नव्हतं. "मॅडम, मी सीए नाही. उद्या कुणाला नोटीस आली तर ते माझ्याच दारात उभे राहणार. मी काय सांगू?"

असं विचारणारे बरेच येतात. म्हणून तिच्या संमतीने, ओळख पटेल ते वगळून लिहिते आहे.

आधी कायद्याचं. रिटर्न भरायला मदत करण्यासाठी सीए असावं लागत नाही. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 288 नुसार कॉमर्सची पदवी असलेल्या व्यक्तीला करदात्याची प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्यापुढे उभंही राहता येत होतं. टॅक्स ऑडिटवर, म्हणजे करासाठीच्या हिशेब-तपासणीवर, सही मात्र सीएचीच लागते. जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायचं तर नोंदणी करून परीक्षा द्यावी लागते. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. म्हणजे गाठ वेगळीकडेच होती.

मी विचारलं, "यंदा सगळ्यात डोकं खाणारी फाईल कुठली?"

तिने माझ्याच टेबलावरचा कागद ओढला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'नवरा' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'बायको'. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, म्हणून त्याच कायद्याच्या कलम 5ए प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं वाटायचं. पगार ज्याचा त्याच्याकडेच. "ह्यांच्या एफडीचं व्याज 80 हजार, तर 40 इकडे, 40 तिकडे. घरभाडं असेल तर तेही असंच. टीडीएससुद्धा, म्हणजे आधीच कापलेला कर, वाटायचा. आणि असं वाटप असलं की 'सहज' नावाचा सोपा फॉर्म चालत नाही. गोव्याबाहेरून भरून घेतात ते इथेच फसतात, मॅडम." मग तारवट्यांवर, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांवर आली. बोटीवरचे दिवस मोजताना सीडीसीवरच्या, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदवहीवरच्या, कुठल्या तारखा धरायच्या, हे ती न थांबता सांगत गेली. जिला स्वतःवर भरवसा नाही असं ती म्हणत होती, ती ही मुलगी नव्हे, हे मला तिथेच कळलं.

मग खरं दुखणं बाहेर आलं. चुलत दीर घरी येऊन म्हणाला होता, "वहिनी, एकाने माझ्या दोस्ताला चांगला रिफंड काढून दिला. तू पण टाक ना कुठली तरी देणगी." तिने ते केलं नाही, पण नाहीही म्हणाली नाही, बाळाचं निमित्त काढून आत गेली. नोटिशीचं भय तिथून आलं होतं. ते अगदी खोटंही नव्हतं. जुलै 2025 मध्ये खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर प्राप्तिकर खात्याने देशभर 150 ठिकाणी कारवाई केली होती, आणि उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर त्या उत्पन्नावरच्या कराच्या 200 टक्के दंड करदात्याच्या माथी बसतो.

मग सरावासाठी मी तिचा दीर झाले. पहिल्यांदा तिने मला कलमं समजावली. दुसऱ्यांदा माफी मागितली. बऱ्याच वेळाने वाक्य आलं: "भावजी, पावती असेल तर टाकते. नसेल तर हे रिटर्न मी भरणार नाही." फीचंही तसंच. आपल्या गावात घरच्या माणसाकडून पैसे मागायचे म्हणजे जीभ अडखळतेच, पण फुकट केलेल्या कामाची चूकसुद्धा आपल्याच नावावर लागते. फी काम हातात घेतानाच सांगायची, हे ठरलं.

घरी जाऊन तिने एक पानाचा कागद केला. कोणती कागदपत्रं हवीत, मी काय करते, काय करत नाही, ऑडिटचं काम सीएकडे जाईल, भरण्याआधी आकडे तपासून सही करावी. माझ्या मते दारावर बोर्ड लावण्याआधी हा कागद लागतो. आपल्या सरांनाही तिने उघड सांगितलं आणि ऑफिसचं एकही गिऱ्हाईक ओढलं नाही. सर म्हणाले, ऑडिटची कामं माझ्याकडे पाठव.

नोकरी तिने लगेच सोडली नाही. 31 डिसेंबरपर्यंत उशिराची रिटर्न भरता येतात, तेवढीच संध्याकाळी आणि रविवारी घेतली. जुलैच्या गर्दीत पहिलं पाऊल टाकू नये, असं मी सगळ्यांनाच सांगते. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होणार होता, कलमांचे आकडे बदलणार होते, तो अभ्यासही तिने सुरू केला.

हंगाम सरल्यावर एक काका मोबाईल नाचवत तिच्याकडे आले, "नोटीस आली!" ते 143(1) चं, म्हणजे रिटर्नचे आकडे ताडून पाहिल्यावर खातं पाठवतं ते सूचनापत्र होतं. बँकेने सगळा टीडीएस काकांच्या पॅनवर दाखवला होता आणि रिटर्न भरताना निम्मा काकींच्या नावे मागितला होता, त्यामुळे मेळ बसत नव्हता. तिने काकांना खुर्ची दिली, सहीचा कागद काढला, आणि दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला.