सरकारी निर्णयांची खात्रीची माहिती ऑनलाइन कुठे वाचायची?

स्पर्धा परीक्षा वगैरे काही द्यायची नाही, नुसतं कुतूहल आहे, तर सरकारी बातम्या आणि संदर्भाची माहिती मराठीत कुठे वाचावी, असं तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच 'व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते बहुतेक खरंच असतं ना?' असंही जोडलंय. त्या जोडलेल्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. आमच्या घरात त्यावरून बरंच महाभारत झालंय.

आधी तुमचं काम उरकते. राज्याचे शासन निर्णय, म्हणजे जीआर, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. राज्य सरकारच्या घोषणा आणि बातम्या 'महासंवाद'वर, केंद्राच्या पीआयबीवर, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवर. पीआयबी मराठीतही आहे. कायद्याचा मूळ मजकूर 'इंडिया कोड'वर. केंद्राचं राजपत्र ई-गॅझेटवर. झालं. आता माझं ऐका.

गेल्या वर्षी भाचीची बारावी झाली आणि अधिवास व उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ आली. ताईचे गुडघे जिने म्हटलं की रडतात, भाऊजींना सुट्टी मिळत नाही, म्हणून मावशी निघाली. ठाण्यातलंच एक केंद्र, कुठलं ते राहू दे. खिडकीतल्या मुलाने फॉर्म पुढून-मागून बघितला आणि म्हणाला, "प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर करून आणा. बाहेर मिळेल." बाहेर खरोखरच छत्रीखाली टेबल टाकून सगळी सोय होती. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, आणि वर पेनसुद्धा फुकट.

भाऊजींना फोन केला तर ते माझ्यावरच उखडले. "शंभरचा बंद झालाय, पाचशेचाच लागतो. मी ग्रुपवर टाकलं होतं, वाचलं नाहीस का?"

वाचलं होतं. आणि गंमत अशी की ते खोटं नव्हतं. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणाऱ्या कामांना किमान पाचशे लागायला लागले, हे खरंच आहे. फॉरवर्डमध्ये एवढंच नव्हतं की हे कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही. सरकारी दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क 1 जुलै 2004 च्या आदेशानेच माफ झालंय. म्हणजे भाची जन्मायच्या आधी! शिवाय सामान्य प्रशासन विभागाचा 9 मार्च 2015 चा शासन निर्णय आहे: जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलेलं नाही, तिथे स्वयंघोषणापत्र चालतं, आणि झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का न घेता स्वतःच सही करायची. 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना दाखल्यांसाठी पाचशेचा स्टॅम्प लागणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा सगळीकडे 'मोठा दिलासा' म्हणून छापून आलं. दिलासा एकवीस वर्षांचा होता, बातमी नवी होती.

दोन्ही कागद माझ्या पिशवीत होते. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. व्हाउचरशिवाय विश्वास ठेवायची सवयच नाही. खिडकीतल्या मुलाने 2004 चा कागद बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे जुनं आहे."

"जुनं आहे, रद्द झालेलं नाही. रद्द केल्याचा कागद दाखव, मी आत्ता बाहेरून पाचशेचा घेऊन येते."

तो आत गेला. आतून चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई आल्या, दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली आणि त्याला म्हणाल्या, "स्वयंघोषणापत्र घे, फोटो लाव." बस्स. मागे रांगेत एक आजोबा नवाकोरा स्टॅम्प पेपर हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांचे पैसे मीच घेतलेत.

भाऊजींचा निकाल: "पाचशे रुपयांसाठी अर्धा दिवस घालवलास." हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक बारशा-मुंजीत ऐकतेय. भाऊजी, पाचशे तुमचेच वाचले, आणि अर्धा दिवस माझा होता.

तर मुद्दा. निव्वळ खोटा फॉरवर्ड ओळखायला फार अक्कल लागत नाही. फसवतो तो अर्धा खरा. म्हणून जीआर उघडून बघायची सवय लावा, वाटतो तेवढा किचकट नसतो. वर विभाग, क्रमांक, तारीख. मग 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. लोक ती सोडून देतात, मी तिथूनच सुरुवात करते, कारण हा कागद कुठल्या जुन्या कागदाला धरून किंवा बदलून आलाय ते तिथे कळतं. मग प्रस्तावना, ती चाळली तरी चालते. मग 'शासन निर्णय', तिथला शब्द न् शब्द वाचा. 'मात्र' आणि 'वगळून' दिसलं की दोनदा. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि त्याच्या आसपास एक लांबलचक संकेतांक. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. एकदा भाऊजींनी 'कालच निघाला' म्हणून टाकलेल्या जीआरचा संकेतांक 2017 ने सुरू होत होता. मी ग्रुपवर फक्त त्या आकड्यांभोवती लाल गोल काढून टाकला. भाऊजींनी 'शुभ रात्री'चं फूल टाकलं. सकाळचे अकरा वाजले होते.

अजून एक. 'मंत्रिमंडळाची मंजुरी' ही बातमी असते, अंमल नव्हे. जीआर किंवा अधिसूचना निघेपर्यंत खिडकीवरचा माणूस हात वर करणार आणि तेव्हा त्याचं बरोबर असतं. कायदा बदलायचा असेल तर राजपत्रात येईपर्यंत थांबायचं. टीव्हीवर पट्टी फिरली म्हणून दुसऱ्या दिवशी रांगेत जाऊन भांडू नका.

कुतूहलासाठी म्हणाल तर मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, वीस खंड, फुकट. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं काम आहे ते. आकडेवारी जुनी झाली असेल, पण विषय समजावा तर असा. ठाण्यात राहत असाल तर जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटिअर शोधा. इंग्रजीत आहे, पण वाचा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसई-डहाणू तर होतंच, साष्टी तालुकाही होता. म्हणजे वांद्रे-कुर्लासुद्धा आमचंच. आता 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाल्यापासून सातच तालुके उरलेत. जुनी आकडेवारी आणि नवी यांची तुलना करताना एवढं लक्षात ठेवा, नाहीतर 'ठाण्याची लोकसंख्या घटली' असले शोध लागतात. आणि सगळंच फोनवर मिळेल असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, तिथे जाऊन बसा कधीतरी.

आता सावधगिरीचं, जे खरं म्हणजे वरच लिहायला हवं होतं. ती मुद्रांक शुल्क माफी सरकारी कार्यालयं आणि न्यायालयांपुरतीच आहे; बँकेला, बिल्डरला किंवा भाडेकराराला दाखवायला जाल तर हसतील. पीआयबीचं फॅक्ट चेक केंद्र सरकारच्याच बाबतीतल्या दाव्यांचं असतं, राज्याच्या योजनेचा फॉरवर्ड तिथे तपासून उपयोग नाही. महासंवाद काय किंवा पीआयबी काय, सरकारची बाजू सांगायलाच आहेत. घोषणा काय झाली ते तिथे बघा, ती कशी वठली ते वर्तमानपत्रातच वाचा. जीआरच्या साइटवर मराठी शब्द टाकून शोधलं तर माझ्या हाती क्वचितच काही लागतं, विभाग आणि तारीख टाकून शोधा. आणि मूळ कागद सापडलाच नाही, तर राज्याच्या माहिती अधिकाराच्या पोर्टलवर अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. विषय एकच ठेवा, शब्द 150 च्या आत, आणि 'का' विचारू नका, 'प्रत द्या' म्हणा.