लेकरू आईलाच 'आम्ही' म्हणतंय, 'आपण' कधी म्हणणार?

प्रश्न असा आलाय की साडेतीन वर्षांची मुलगी आईचं बोट धरून आईलाच सांगते "आम्ही बाजारात चाललो", 'आपण' म्हणतच नाही, तर हे शेजारच्या हिंदीमुळं होतंय का आणि तिला टोकायचं का.

हिंदीला एकटीला दोष देऊ नका. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून, 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. हिंदीतल्या 'हम'मध्ये हा फरक नाही हे खरंय (बोलीत 'अपन' आहे म्हणा), पण तेलुगूत तो पक्का आहे, 'मेमु' आणि 'मनम', आणि आमच्या नांदेड जिल्ह्यात देगलूर-धर्माबादकडं मराठी-तेलुगू दोन्ही बोलणाऱ्या घरातली लेकरं हा फरक दोन्हीकडं सांभाळतातच की. 'आपण' आलाय संस्कृत 'आत्मन्'पासून, प्राकृतात 'अप्पाण', म्हणजे मूळ अर्थ स्वतः. स्वतःसाठीचा शब्द समोरच्यालाही पोटात घेणारा झाला, मला हे फार भारी वाटतं.

लेकराला अवघड का जातं बघा. भाकरी समोर धरून 'भाकरी' म्हणता येतं, 'आपण' कसा दाखवणार? तीच आई सकाळी 'आपण'मध्ये असते, दुपारी 'आम्ही'च्या बाहेर, त्यामुळं समोरचा यात आहे का नाही हे लेकराला दर वेळी बघावं लागतं. दीड-दोन वर्षांचं झालं की आरशात बघून स्वतःच्या कपाळावरची टिकली काढायला लागतं, मग "बाळाला पायजे", मग कधीतरी 'मी', आणि मग हे. त्यात आपण मोठे अजून घोळ घालतो, "चला, आपण दूध पिऊन टाकू" म्हणतो आणि पितं एकटं लेकरूच! म्हणून टोकू नका, फक्त उत्तरात "हो, आपण चाललो" म्हणा, तेवढं पुरतं.

माझ्या मुलाचं पण असंच होतं. मी बॅग भरायले आणि हा मलाच म्हणतो, "आई, आम्ही मामाकडं जाणार." म्हटलं, अन् मी? त्यानं माझी घडी घातलेली साडी उचलून बॅगेत कोंबली अन् म्हणाला, "तू बी आम्ही."

पुढं चार वर्षांचा झाला, पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणवाडीतून आला तर कोपरापर्यंत चिखल. "आम्ही बैल केले मातीचे." दाखव की मला, म्हटलं. "ते आमचे हायत, तिथंच वाळायलेत." पहिल्यांदा 'आम्ही' बरोबर जागी बसला होता आणि मी त्याच्या बाहेर होते. पोटात जरा तुटलं, खोटं कशाला सांगू, पण माझ्याशिवाय त्याची चार माणसं झालीत हे कळून तितकाच आनंद पण झाला.

दुसऱ्या दिवशी ओंजळीत धरून एक बैल घेऊन आला, एक शिंग वाटेत पडलेलं. चुलीशेजारी ठेवला अन् म्हणाला, "हा आपला."