ड्राफ्टमध्ये डिफेन्स जबरदस्त पण शॉट अजिबात नाही, असा कच्चा पोरगा वरच्या पिकवर घ्यावा का?

घ्यावा. बाकीचं नंतर वाचलं नाही तरी चालेल.

खरं तर तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नव्हतो. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट आला (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक) की दर जूनमध्ये हाच वाद होतो: एकोणीस वर्षांचं पोरगं, हात गुडघ्यापर्यंत, कोणालाही अडवतो, पण शॉट म्हणजे आनंदीआनंद, त्याला घ्यायचं की तयार शूटरला? पण तुम्ही खाली लिहिलंय की ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, ‘डिफेन्स काय, मेहनत केली की कोणालाही येतो, शूटिंग उपजत लागतं.’ हे वाक्य मी माझ्या मावसभावाच्या तोंडून प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणातही ऐकलंय. त्यामुळे आता लिहितोच.

आधी हशीम थबीट, म्हणजे फसलेल्या पिकचं ठरलेलं उदाहरण, उरकून घेऊ, कारण ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकलाच असणार. २००९, मेम्फिस, दुसरा पिक, सात फूट तीन इंच. त्याच्यामागे तिसरा जेम्स हार्डन गेला आणि सातवा स्टेफ करी. थबीटची करिअरची सरासरी मॅचला जेमतेम दोन पॉइंट. लोक म्हणतात, बघा, डिफेन्सवर पिक वाया घालवला. अहो, डिफेन्सवर नाही, उंचीवर घालवला! कॉलेजात रिंगखाली उभं राहून हात वर केले की ब्लॉक मिळायचे. एनबीएत पिक अँड रोलवर (एकजण वाट अडवतो, दुसरा बॉल घेऊन त्याच्या आडून जातो) बाहेर यावं लागलं, तेव्हा पाय हलेनात. उंच आणि डिफेंडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निवडणाऱ्यांना त्यातला फरक बऱ्याचदा कळत नाही. पुरावा हवा असेल तर डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर चार-चार वेळा झालेले तिघं बघा. डिकेम्बे मुटोम्बो १९९१ मध्ये चौथा गेला, ठीक. रूडी गोबेर २०१३ मध्ये सत्ताविसावा. डेन्व्हरने घेतला आणि युटाला देऊन मोकळे झाले. बेन वॉलेसला १९९६ मध्ये कोणी ड्राफ्टच केलं नाही, आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. शूटर सगळ्यांना दिसतो, कारण बॉल जाळीतून जाताना आंधळ्यालाही ऐकू येतो. डिफेन्स बघायला बॉलवरून नजर काढावी लागते.

आता आमच्या पोराची गोष्ट.

मी नागपूरचा. कॉलेजात खेळलो, नंतर नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ पोरांना शिकवायचो. दादा, म्हणजे हाच मावसभाऊ, हेड कोच आणि मी त्याचा असिस्टंट. दादा त्याच्या काळात युनिव्हर्सिटीचा शूटर होता, हे तो तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगेलच. जिल्ह्याच्या अठरा वर्षांखालच्या टीमची ट्रायल होती, मे महिन्यातली, म्हणजे सकाळी साडेपाचला सुरू आणि आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेववत नाही अशी. शेवटच्या जागेसाठी दोन पोरं उरली. एक इंग्लिश शाळेतला, स्वच्छ शॉट, पायात भारी बूट. दुसरा खो-खोतून आलेला. बास्केटबॉल हातात धरून त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. लेअप डाव्या हाताने जमत नव्हता, फ्री थ्रो मारताना कोपर बाहेर, आणि बॉल आला की असा घाबरायचा जणू कोणी त्याच्या हातात दुसऱ्याचं बाळ दिलंय.

पण त्याला वन ऑन वनला उभा केला आणि मी शिट्टी वाजवायची विसरलो. आमचा सगळ्यात चांगला ड्रिबलर समोर होता. हा पोरगा खाली बसला, खांद्याइतके पाय, आणि सरकायला लागला. पायावर पाय एकदाही आला नाही. ड्रिबलरने क्रॉसओव्हर मारला, म्हणजे बॉल झटकन दुसऱ्या हातात घेतला, हा तिथेच. मागून बॉल फिरवला, हा तिथेच. बॉलला हात लावायचीही घाई नाही. नुसता त्याच्या पुढे जाऊन उभा राहायचा, आणि समोरच्याला पाठ करून बॉल धरून बसावं लागायचं. मी विचारलं, बघतोस कुठे तू? म्हणाला, ‘बॉल कुठंबी फिरवू द्या ना सर, कमर तर न्यायलेच लागते त्याले.’ हे वाक्य मी क्लिनिकमध्ये मोठमोठ्या कोचकडून ऐकलंय. याला कोणी शिकवलं नव्हतं. खांबाभोवती पळून पळून आलं होतं.

दादाचं मत अर्थातच इंग्लिश शाळेवाल्याच्या बाजूने. ‘याला पॉइंट कोण देणार?’ मी म्हटलं, समोरच्याचे आठ-दहा पॉइंट हा खाईल, ते पॉइंटच झाले ना? तर म्हणे, ‘स्कोअरशीटवर दिसतात का?’ बराच तमाशा झाला. शेवटी सिलेक्शन कमिटीतल्या एका जुन्या सरांनी माझी बाजू घेतली आणि पोरगा आत आला.

राज्य स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत तो आमचा सगळ्यात उपयोगी खेळाडू होता. समोरचा जो कोणी मेन स्कोअरर असेल तो याच्या ताब्यात. सेमीच्या पहिल्या हाफमध्येही समोरच्या टीमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, सगळ्या स्पर्धेत गाजलेला, अक्षरशः दिसेनासा झाला. हाफटाइमला त्यांच्या कोचने डोकं चालवलं. आमच्या पोरावर जो डिफेंडर होता, त्याला त्याने सरळ रिंगखाली उभा केला. याला मोकळा सोडा, मारू दे. झालं. आमच्या ड्राइव्ह करणाऱ्यांना आत शिरायला जागाच उरली नाही.

आणि दादाने काय केलं? पोराला कॉर्नरमध्ये उभं केलं. ‘तिथे राहा आणि मोकळा आहेस तर मार.’ वर्षभरही ज्याने बॉल धरला नाही, त्याला सेमीफायनलमध्ये कॉर्नरचा थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट! एक बोर्डच्या मागे गेला, एक रिंगलाही लागला नाही, आणि प्रेक्षकांतली पोट्टी हसायला लागली. मी दादाच्या कानाशी लागून सांगत होतो: त्याला कॉर्नरमधून काढ, स्क्रीन लावायला, म्हणजे अंगाने समोरच्याची वाट अडवायला, पाठव. त्याचा डिफेंडर रिंगखाली बसलाय, म्हणजे आपल्या पोराने आपल्या शूटरवरच्या डिफेंडरला स्क्रीन लावली की पलीकडे मदतीला कोणीच नाही, शूटर एकदम मोकळा. दादा म्हणाला, चालू मॅचमध्ये आपण सेट बदलत नसतो. शेवटच्या क्वार्टरला त्याने पोराला बसवलं. त्यांचा गार्ड, जो इतका वेळ झोपला होता, उठला. आम्ही हरलो.

दादाच्या मते मॅच त्या पोराने घालवली. इतकी वर्षं तो हेच सांगत फिरतोय.

आता बघा, २०१५ मध्ये एनबीएत जे झालं ते हूबेहूब हेच. प्लेऑफच्या सिरीजमध्ये मेम्फिस दोन-एकने पुढे, त्यांचा शॉट नसलेला डिफेंडर टोनी अ‍ॅलन गोल्डन स्टेटच्या गार्ड लोकांना घाम फोडत होता. चौथ्या मॅचला गोल्डन स्टेटचा कोच स्टीव्ह कर याने अँड्र्यू बोगटला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला, नावापुरता अ‍ॅलनवर लावला. प्रत्यक्षात बोगट रिंगखालीच. अ‍ॅलन मोकळा, आणि मोकळा अ‍ॅलन म्हणजे मेम्फिसचीच अडचण. मेम्फिसने सिरीज चार-दोनने घालवली आणि पुढे गोल्डन स्टेटने टायटल घेतलं. तुमच्या ग्रुपमधले शूटरवाले हे उदाहरण देतील आणि ते बिनतोड आहे. प्लेऑफमध्ये शॉट नसलेल्या माणसाला समोरचा कोच शोधून काढतोच.

पण त्यावर उपायही सापडलेला आहे. २०२०-२१ मध्ये ब्रुकलिनकडे ब्रूस ब्राउन होता. सहा फूट चार इंच, गार्ड, शॉट बेताचा, ड्राफ्टमध्ये बेचाळिसावा गेलेला. ड्युरँट, हार्डन, अर्व्हिंग यांच्याबरोबर त्याला कॉर्नरमध्ये उभा करण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्याला सेंटरसारखा वापरला: स्क्रीन लाव, आत घूस, मधल्या पट्ट्यात बॉल घे आणि फ्लोटर, म्हणजे पळता पळता उंच उडवलेला हलका शॉट, टाक. दोन वर्षांनी तो डेन्व्हरबरोबर चॅम्पियन झाला. ह्यूस्टनने २०२३ मध्ये चौथा घेतलेला अमेन थॉम्पसन घ्या. रूकी, म्हणजे पहिल्या, सीझनला त्याचे थ्री वीस टक्क्यांच्याही खाली होते. त्याला बाहेर उभा करून रडत बसण्यापेक्षा त्यांनी बेसलाइनजवळ ठेवला, कट मारायला लावला, पळवला. दुसऱ्याच वर्षी ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पाच डिफेंडरांत. म्हणजे मी जे आमच्या बेंचवर ओरडून सांगत होतो, तेच. फक्त ह्यूस्टनच्या कोचने ऐकलं.

म्हणून तुमच्या प्रश्नात खरी मेख पोराची नाहीच. बाकीचे चार कोण आहेत आणि कोच कोण आहे, हे बघा. तुमच्याकडे तीन शूटर आणि पास देणारा सेंटर असेल, तर हा पोरगा सोन्याच्या मोलाचा आहे. आधीच दोन शॉट नसलेले असतील, तर तिसरा घेऊ नका, कितीही डिफेन्स असला तरी. तुम्ही टीमचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे याहून पुढे मी काही सांगू शकत नाही.

‘शूटिंग शिकता येतं का’ यावर दोन टोकं आहेत आणि लोक सोयीचं ते उचलतात. कवाय लेनर्ड २०११ मध्ये पंधरावा गेला, कॉलेजात त्याचा थ्री रद्दी होता. सॅन अँटोनियोत चिप एंगलंडने त्याच्या शॉटवर काम केलं, आणि पुढे तो फायनल्सचा एमव्हीपी झाला, डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयरही दोनदा. दुसरं टोक मायकल किड-गिलख्रिस्ट. २०१२, शार्लट, दुसरा पिक. त्याच्या मागे ब्रॅडली बील तिसरा आणि डेमियन लिलार्ड सहावा. पोरगा जीव तोडून डिफेन्स करायचा, पण शॉटमध्ये हात मध्येच अडकायचा. मार्क प्राइससारखा शूटर माणूस शिकवायला दिला, तरी भरवशाचा शॉट कधी आला नाही; नंतर खांदाही गेला. एरवी मी सगळ्यांना सांगतो की थ्रीचा आकडा बघू नका, फ्री थ्रो बघा. तिथे सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर आशा आहे. पण किड-गिलख्रिस्ट कॉलेजात फ्री थ्रोला पंचाहत्तरच्या आसपास होता. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही, शॉट कसा सुटतो तेही डोळ्याने बघावं लागतं. साठच्या खाली असेल तर मात्र मीही दोनदा विचार करेन. २०१७ च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने आंद्रे रॉबर्सनला मुद्दाम फाउल करून लाइनवर पाठवलं होतं. त्या सिरीजमध्ये त्याचे एकवीसपैकी तीनच फ्री थ्रो आत गेले. असा माणूस शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर ठेवता येत नाही, मग तो देवाचा डिफेंडर का असेना.

आणखी एक, कराराचं. पहिल्या राउंडचा रूकी करार चार वर्षांचा, त्यातली शेवटची दोन टीमच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षानंतर एक्स्टेन्शनची, म्हणजे करार वाढवायची, बोलणी सुरू होतात. कच्चा पोरगा जेमतेम पिकत येतो तेवढ्यात पैसे मोजायची वेळ येते. यंदाच प्लेऑफ गाठायचा म्हणणारी टीम असेल तर तिने या भानगडीत पडू नये. मोठ्या माणसाचं, म्हणजे सेंटरचं, गणित वेगळं आहे. त्याला शॉट नसला तरी चालतं, वरचं सगळं विंग (कडेने खेळणारे) आणि गार्डबद्दल धरा.

ट्रायलचे व्हिडिओ बघणार असाल तर हायलाइट बघू नका, त्यात ब्लॉक आणि डंक सोडून काही नसतं. पूर्ण मॅच बघा आणि बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो काय करतो ते बघा. मान फिरवतो का, तोंडाने बोलतो का, एकदा चुकल्यावर परत धावतो का. हे ज्याच्यात नाही त्याला ते मेहनतीने येत नाही. मी शिकवून पाहिलंय. शॉटचं कोपर आत आणता येतं. आमच्या त्या पोराचं पुढच्या हिवाळ्यापर्यंत आलं होतं, आणि फ्री थ्रो बरे पडायला लागले होते. तो इंग्लिश शाळेवालाही पुढे आमच्याकडेच आला. गोड पोरगा. शॉट अजून तसाच सुंदर. पण त्याच्यासमोरून कोणीही जायचं, कितीही स्लाइड, म्हणजे बाजूला सरकायचा सराव, करून घेतल्या तरी.

आणि दादा, तू इथे माझी उत्तरं वाचतोस हे वहिनीने सांगितलंय. त्या सेमीची शीट तुझ्याच कपाटात आहे, निळ्या फाइलमध्ये. पोरगा कोर्टवर असताना त्यांच्या गार्डचे पॉइंट मोज आणि तू त्याला बसवल्यानंतरचे मोज. मग खाली कमेंट कर.