एका मेल सर्व्हरवर पाच डोमेन्स आहेत, प्रत्येकाचं ईमेल फॉरवर्डिंग वेगळं कसं ठेवायचं?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन तक्रारी आहेत. पाचही डोमेन्सच्या ‘इन्फो’ पत्त्यावर आलेला मेल एकाच माणसाच्या जीमेलला जातो, ही पहिली. जो जातो तोही कधी स्पॅममध्ये पडतो, कधी परत येतो, ही दुसरी. मी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामवर अकरा डोमेन्स सांभाळतो, सगळी ओळखीच्या छोट्या व्यावसायिकांची. पहिली तक्रार दहा मिनिटांत मिटेल. दुसरीला मात्र वेळ द्यावा लागेल.

तुम्ही नोंदी ‘अलायसेस’ फाइलमध्ये केल्या आहेत, तिथेच घोळ आहे. ती फाइल फक्त ॲटच्या डावीकडचं नाव बघते. हॉटेलचं इन्फो आणि क्लासचं इन्फो तिच्या लेखी एकच. तुम्हाला हवंय ते ‘व्हर्च्युअल अलायस’. पाचही डोमेन्सची नावं ‘व्हर्च्युअल अलायस डोमेन्स’ या सेटिंगमध्ये घाला आणि ‘मायडेस्टिनेशन’मधून, म्हणजे ज्या डोमेन्सचा मेल याच सर्व्हरवरच्या युजर्सना द्यायचा त्या यादीतून, आठवणीने काढा. दोन्हीकडे ठेवलीत तर लॉगमध्ये इशारा येतो आणि यादीत नसलेल्या पत्त्याचा मेल सर्व्हरवरच्या त्याच नावाच्या युजरकडे जाऊ शकतो. मग ‘व्हर्च्युअल’ फाइलमध्ये एका ओळीवर एक नोंद करा: डावीकडे डोमेनसकट पूर्ण पत्ता, उजवीकडे तो मेल जिथे जायचा तो पत्ता. प्रत्येक बदलानंतर ‘पोस्टमॅप’ ही कमांड चालवा. नाहीतर पोस्टफिक्स जुनीच यादी वाचत राहतो आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो. ‘पोस्टमॅप’ला ‘-क्यू’ लावून एखादा पत्ता विचारला की तो मेल कुठे जाणार ते लगेच कळतं. मी खराखुरा मेल पाठवून बघायच्या आधी नेहमी हेच करतो.

डीएनएसचं, म्हणजे डोमेनच्या नोंदींचं, थोडक्यात सांगतो. पाचही डोमेन्सचा एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद, सर्व्हरच्या एकाच नावाकडे ठेवा. सर्व्हरच्या आयपीचा उलटा रेकॉर्ड, म्हणजे पीटीआर, त्याच नावाचा हवा आणि टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्रही त्या एका नावाचं पुरतं. प्रत्येक डोमेनसाठी वेगळं घ्यायची गरज नाही.

आता मेल परत का येतो ते बघू. ईमेललाही कागदी पत्रासारखं पाकीट असतं. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्रावर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो वेगळा. एसपीएफ, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नावाने कोणते आयपी मेल पाठवू शकतात ही तपासणी, बघते तो पाकिटावरचा. समजा एका बँकेने तुमच्या ‘इन्फो’वर मेल पाठवला आणि तुमच्या सर्व्हरने तो तसाच जीमेलकडे ढकलला. पाकिटावर नाव बँकेचं, पण दारात उभा आहे तुमचा आयपी, जो बँकेच्या एसपीएफ यादीत नाही. म्हणून जीमेलला संशय येतो. लॉगमध्ये ५५० आणि ५.७.२६ हे आकडे दिसत असतील तर ओळख न पटल्यामुळे मेल नाकारला गेलाय असं समजा.

यावर उपाय एसआरएस, म्हणजे फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पत्ता नव्याने लिहिणं. पोस्टफिक्ससाठी ‘पोस्टएसआरएसडी’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. तो पाकिटावरचा पत्ता बदलून तुमच्या डोमेनचा करतो आणि मूळ पत्ता त्यातच गुंडाळून ठेवतो, म्हणजे बाउन्स झालाच तर योग्य माणसाकडे परत जातो. पाच डोमेन्सना मिळून एकच एसआरएस डोमेन चालतं, फक्त त्याच्या एसपीएफमध्ये तुमचा आयपी हवा. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा: तुमची स्वतःची सगळी डोमेन्स त्याच्या वगळायच्या यादीत टाका. नाहीतर तुम्ही स्वतः पाठवलेल्या मेलचंही पाकीट बदललं जातं. नवीन डोमेन आलं की मी त्याची नोंद दोन ठिकाणी करतो, व्हर्च्युअलमध्ये आणि या यादीत. दुसरी हमखास राहून जाते.

पण एसआरएसने सगळं सुटत नाही. डीमार्क ही आणखी एक तपासणी. ती बघते पत्रावरचं ‘फ्रॉम’, आणि आता पाकिटावर तुमचं डोमेन असल्यामुळे एसपीएफचा ‘फ्रॉम’शी मेळ बसत नाही. मग सगळा भार मूळ पाठवणाऱ्याच्या डीकेआयएम सहीवर, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीवर, येतो. म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या मेलच्या विषयात ‘स्पॅम’ असा शब्द जोडणं किंवा खाली तळटीप चिकटवणं, यातलं काहीही करू नका. एका अक्षरानेही सही मोडू शकते. पाठवणाऱ्याने सहीच केलेली नसेल आणि त्याचं डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ असेल, तर तो मेल बहुधा नाकारलाच जाईल. अशा ग्राहकाला मी सरळ सर्व्हरवर मेलबॉक्स देतो आणि फोनमध्ये आयमॅपने जोडून देतो. ज्या पत्त्यावर ओटीपी किंवा निविदा येतात तो फॉरवर्डवर ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही ‘कॅच-ऑल’बद्दलही विचारलंय, म्हणजे डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला मेल एकाच ठिकाणी पाठवायचा. कृपा करून नको. माझ्या एका ग्राहकाच्या हट्टापायी मी ते केलं होतं. आठवडाभरात कुणीतरी मनाला येतील ती नावं लावून त्या डोमेनवर स्पॅमचा मारा सुरू केला. माझ्या सर्व्हरने तो सगळा इमानेइतबारे पुढे पाठवला. समोरच्या सर्व्हरला पाठवणारा दिसला मीच. आयपी सगळ्यांचा एकच, त्यामुळे उरलेल्या डोमेन्सचे साधे मेलही ताटकळू लागले. ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर यादीत नसलेला पत्ता दारातच नाकारायचा आणि आरस्पॅमडी या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामने स्पॅम ठरवलेला मेल पुढे न पाठवता तिथेच रोखायचा, हा नियम मी मोडलेला नाही. ‘पोस्टमास्टर’ आणि ‘अब्यूज’ हे दोन पत्ते मात्र प्रत्येक डोमेनवर स्वतःकडे वळवून ठेवा. तक्रार आली तर तिथेच येते.

आधी व्हर्च्युअल फाइल लावा, दोन दिवस लॉग बघा, मगच एसआरएसला हात घाला. दोन्ही एकदम केलंत तर बिघाड नेमका कुठला ते कळणार नाही. अडलात तर नकाराची पूर्ण ओळ इथे टाका, पत्ते तेवढे खोडून.