पाचोळ्याचा धूरही धूरच : वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरं

थंडी सुरू झाली की येणाऱ्या प्रश्नांचा सूर दरवर्षी तोच असतो : हवा शुद्ध करणारं काहीतरी सुचवा. धूर थांबवायचा कसा, हे विचारणारं क्वचितच भेटतं. म्हणून पुन्हा एकदा लिहितो आहे.

प्रश्न : धुराच्या दिवसांत कापडी मास्क किंवा ओला रुमाल चालेल का?

नाही. एन-९५ हवा, आणि तो नाकागालांना घट्ट बसायला हवा. दमा किंवा हृदयविकार असेल आणि मास्क घातल्यावर दम लागत असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असं ऐकत आलो. वय ६७. मग पहाटे फिरून आल्यावर खोकला का येतो?

कारण थंडीत ते बरेचदा खरं नसतं. निरभ्र, शांत रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार पडते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. रात्रभराचा धूर त्याखाली कोंडतो. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनमध्ये कोळशाचा धूर असाच कोंडला आणि हजारो माणसं दगावली. ऊन चढलं की थर मोडू लागतो. दोन-तीन तास उशिरा निघा, रहदारीचा रस्ता टाळा. पण ६७व्या वर्षी चालल्यावर येणारा खोकला नुसता हवेवर ढकलू नका, तो हृदयाचाही असू शकतो. छाती आणि हृदय, दोन्ही तपासून घ्या.

प्रश्न : रोज वाफ घेतली किंवा ‘फुफ्फुसं साफ करणारं’ सिरप घेतलं तर आत गेलेले कण निघून जातात का?

नाही. वाफेने चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, तेवढंच. फुफ्फुसं धुऊन काढणारं सिरप नसतं. बाटलीवर तसं छापणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण ती बाटली संपेपर्यंत माणूस तपासणीला येत नाही.

प्रश्न : आमच्या आवारात रोज पाचोळा जाळतात. प्लास्टिक अजिबात नसतं. झाडाच्या पानांचा धूर तर नैसर्गिक, त्याने काय होणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पाचोळ्याचा ढीग धडधडून पेटत नाही. खालचा थर ओलसर असतो, तो धुमसत राहतो. ढिगाच्या पोटात ऑक्सिजन कमी पडतो, पानं अर्धवट जळतात, आणि त्यातूनच सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि बेंझोपायरीन बाहेर पडतं. शेवटची दोन्ही कर्करोगकारक आहेत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

आणि अंतराचा विचार करा. कारखान्याचं धुराडं निदान उंच असतं. तुमचा ढीग खिडक्यांच्या खाली, खेळणाऱ्या मुलांच्या नाकासमोर धुमसतो.

गेल्या थंडीत पाचोळा झाडून पेटवण्याचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. तपासायला वाकलो तर केसांना धुराचा वास. छातीत शीळ घातल्यासारखा आवाज. एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबत होत्या. आयुष्यात कधी विडी ओढलेली नव्हती. मी औषध लिहून दिलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा काडी ओढायचीच होती. ते थांबवणं त्यांना पेटवायला सांगणाऱ्यांच्या हातात आहे. म्हणजे आवारात राहणाऱ्या तुमच्याच.

करायचं काय? जाळीचं गोल कुंपण उभं करा, पाचोळ्याचे थर टाका, मधूनमधून माती आणि पाणी. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, पाणी ठिबकू नये. दर पंधरवड्याला खालीवर करा. काही महिन्यांत खत होतं. जागा नसेल तर झाडांच्या बुंध्याभोवती पसरा. तेही जमत नसेल तर स्थानिक कचरा विभागाशी आजच बोला, पुढच्या बैठकीपर्यंत थांबू नका.

प्रश्न : घरातली हवा शुद्ध करायला झाडांच्या कुंड्या ठेवू की यंत्र घेऊ?

कुंड्या हौसेसाठी ठेवा. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून नासाचा १९८९चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो बंदिस्त पेट्यांमधला होता. घरात हवा सतत ये-जा करते.

यंत्र घेणारच असाल तर ‘हेपासारखं’ या शब्दाला भुलू नका. खऱ्या हेपा गाळणीने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. मग खोली मोजा. ३ गुणिले ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १८० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र हवं. ओझोन सोडणारं कोणतंही यंत्र घेऊ नका, ओझोन फुफ्फुसांना जाळतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र अशा घरगुती गाळणीत अडत नाही, म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला दर थंडीत रात्री खोकला येतो. वयाबरोबर जाईल म्हणतात. दम्याचा पंप दिला तर सवय लागेल अशी भीती वाटते.

पंपाची सवय लागत नाही. औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जातं. तोंडाने द्यायच्या औषधाची मात्रा त्याहून बरीच जास्त असते. तीन थंड्या वाट पाहिलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं. दमा आहे की नाही हे तपासूनच कळेल, तेव्हा याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर घरातला सगळा धूर बंद करा, सिगारेटचाही. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल बोलताना अडखळत असेल, तर वेळ ठरवत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.