काटा उसळतो आणि वरती सरकतो: हे दोन वेगळे आजार आहेत

भाऊ, तुमच्या गाडीचा बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) स्थिर का राहत नाही, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही दिलेले आकडे आधी मांडतो. पेट्रोल टर्बो, आतलं वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप), ती झडप रॉडने उघडणाऱ्या डबीतली स्प्रिंग ०.५ बारची. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (बूस्ट वाढवायचा, हाताने फिरवायचा स्क्रू) ०.८ वर लावलाय. तिसऱ्या गिअरला पेडल दाबलं की बूस्ट गेजचा काटा झटक्यात १.१ ला जाऊन ०.८ वर बसतो आणि ५००० आरपीएमच्या पुढे पुन्हा हळूहळू ०.९५ पर्यंत चढतो. सायलेन्सर फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा. अमळनेरचा फिटर म्हणतो, डबीचा रॉड आणखी दोन आटे घट्ट करू.

रॉडला हात लावू देऊ नका. सुरुवातीची उसळी हा एक दोष आहे आणि वरच्या आरपीएमला चढणारा बूस्ट हा दुसरा. रॉड घट्ट केला तर दुसरा दोष वाढेल.

कारण समजून घ्या. टर्बोच्या गरम बाजूला एक छोटं भोक आणि त्यावर झडप असते. कॉम्प्रेसरकडून (टर्बोची हवा दाबणारी बाजू) नळीने दाब डबीत येतो, पडदा ढकलतो, रॉड पुढे सरकतो, झडप उघडते आणि काही धूर टर्बाइनला (धुराने फिरणारं चाक) वळसा घालून निघून जातो. कंट्रोलर फक्त त्या नळीतला दाब अडवतो किंवा थोडा बाहेर सोडतो, म्हणून झडप उशिरा उघडते. म्हणजे स्प्रिंगच्या आकड्याच्या खाली बूस्ट आणणं कोणत्याही कंट्रोलरला शक्य नाही. आणि झडप पूर्ण उघडूनही भोकातून पुरेसा धूर जात नसेल, तर कंट्रोलरच्या हातात काहीच उरत नाही. फ्री-फ्लो सायलेन्सरने मागचा अडथळा कमी होतो, टर्बाइन जास्त जोरात फिरते आणि कंपनीने दिलेलं भोक कमी पडतं.

हे पक्कं करायला कंट्रोलर पूर्ण काढा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडावरून डबीपर्यंत एकच सरळ नळी जोडा. डायनो (गाडी जागेवर पळवून मोजायचं रोलरचं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याने मोबाइलवर गेजचं चित्रीकरण करावं, चालवणाऱ्याने काट्याकडे बघू नये. धुळे-जळगाव हायवेवर ट्रकांच्या मधे हे प्रयोग नकोत. काटा ०.५ वर येऊन वरपर्यंत तिथेच राहिला, तर वेस्टगेट ठीक आहे आणि दोष कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या नळ्यांत आहे. पण ५००० नंतर इथेही ०.९ च्या आसपास चढला, तर भोक लहान आहे किंवा झडप पूर्ण उघडत नाही. काटा ०.९ ओलांडू लागला की लगेच पाय उचला.

आता डबी. गाडी थंड असताना नळी काढून बीपी मशीनचा रबरी फुगा त्याच्या काट्यासकट लावा. त्यावरचे ३०० मिमी म्हणजे बरोबर ०.४ बार. एवढ्यावर काटा मिनिटभर हलला नाही तर पडदा शाबूत आहे. त्याच्या वरचा दाब गेज असलेल्या सायकलच्या पंपाने देऊन बघा. ०.५ च्या जवळपास रॉड सरकायला लागला पाहिजे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा नाही, तिथे १०० पाउंडाच्या वर हवा असते आणि पडदा फाटतो.

मग रॉडच्या टोकाची सर्क्लिप (अडकवायची छोटी क्लिप) काढून झडपेचा लिव्हर हाताने फिरवा. तो अडकत असेल तर काजळी साचलीय, खूप हलत असेल तर बुश गेलाय. लिव्हर झडप बंद होईल असा धरून बघा: रॉडचं भोक लिव्हरच्या पिनच्या साधारण १ ते २ मिमी अलीकडे राहिलं पाहिजे, म्हणजे रॉड थोडा ओढूनच बसतो. ६ मिमीच्या आट्यांना एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी. तुमचा रॉड आधीच ४-५ मिमी ओढलेला निघाला तर तो सैल करा. डबीची चाल ठरलेली असते. ती अशी आधीच खर्च झाली की झडप अर्धीच उघडते. गॅरेजमध्ये ही चूक फार होते, कारण रॉड घट्ट केल्यावर खालचा पिकअप लगेच सुधारतो आणि सगळे खूश होतात.

रॉड बरोबर असूनही बूस्ट चढत असेल, तर टर्बोच्या गरम बाजूचं हाउसिंग उतरवून चांगल्या लेथवाल्याकडून झडपेचं भोक मोठं करावं लागतं. झडपेची कड चारी बाजूंनी बसेल एवढी जागा सोडायचीच. जास्त घासलं तर झडप गळते आणि बूस्ट उशिरा येतो.

सुरुवातीच्या १.१ च्या उसळीचं कारण बहुतेक नळीत सापडेल. लांब, बारीक किंवा मऊ नळी असली की डबीला निरोप उशिरा पोहोचतो. ४ मिमीची जाड सिलिकॉन नळी घ्या, जमेल तेवढी आखूड ठेवा आणि दोन्ही टोकांना क्लिपा लावा. आपल्याकडे ठिबकची काळी बारीक नळी कोणत्याही दुकानात मिळते आणि ती अगदी मापात बसते, म्हणून ती लावलेली असते. ती पॉलिथिनची आहे, १०० अंशांच्या आसपासच लोळते. टर्बोजवळ ती दुमडली किंवा निसटली की डबीला दाबच जात नाही, झडप बंदच राहते आणि बूस्ट थांबत नाही. ईसीयूने (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन तोडलं तर वाचलात, नाही तोडलं तर पिस्टन जातो. तुमच्या गाडीत ती असेल तर गाडी चालवण्याआधी बदला.

गोळी-स्प्रिंगवाला कंट्रोलर असेल तर त्याच्या डबीकडच्या बाजूला सुईएवढं भोक असतं, अडकलेला दाब तिथून सुटतो. आपल्याकडच्या धुळीने ते बुजलं की पाय उचलल्यावरही झडप उघडीच राहते आणि पुढच्या वेळी गाडी मरगळते. बारीक तारेने साफ करा. कंट्रोलरवरच्या बाणाची दिशाही बघा.

पुढे मॅन्युअल कंट्रोलरऐवजी सोलेनॉइड (करंटवर चालणारी झडप) लावायचा असेल तर करंट नसताना कॉम्प्रेसर थेट डबीला जोडलेला राहील अशीच नळ्यांची मांडणी करा. वायर तुटली तरी गाडी ०.५ वरच चालेल. ड्यूटी (सोलेनॉइड किती वेळ चालू राहतो त्याची टक्केवारी) शून्यापासून ५-५ टक्क्यांनी वाढवा, सुरुवातीला काही बदल दिसला नाही तर घाबरू नका. स्प्रिंगच्या दुप्पट बूस्टच्या पुढे या पद्धतीवर भरवसा ठेवू नये, कडक स्प्रिंगची डबी घ्यावी.

एवढं दुरुस्त झालं तरी मे महिन्यात ०.८ वर ताणू नका. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर असताना इंटरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) बाहेर येणारी हवाच गरम असते, त्यात नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक) आधी सुरू होतं आणि ते फ्री-फ्लोच्या आवाजात ऐकू येत नाही. उन्हाळ्यात ०.७ ठेवा. उलट डिसेंबरच्या पहाटे तीच सेटिंग जास्त बूस्ट देते. म्हणून ऋतू बदलला की पुन्हा गेज बघायचं आणि कंट्रोलर पाव-पाव फेऱ्यानेच फिरवायचा, प्रत्येक वेळी लॉकनट कसून.